जुनी स्टेशन वॅगन आणि घडवून घेतलेली ध्वनियंत्रणा : मोटारमालकाच्या तांत्रिक स्वातंत्र्याचा इतिहास (१९३०–२०१८)

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कारखान्याकडे जाते. जुळणीची सरकती रांग, कामगार संघटना, तेलाचे अर्थकारण, महामार्गांची बांधणी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. या लेखनात मोटार वापरणारा माणूस बहुधा 'ग्राहक' या एकाच भूमिकेत वावरतो. तो मोटार विकत घेतो, चालवतो आणि जुनी झाली की विकून टाकतो. ती वस्तू हाती आल्यानंतर तो तिच्यात काय बदल करतो, हा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले आहेत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकन शेतकऱ्यांनी मोटारीच्या इंजिनावर शेतीची व घरातील यंत्रे कशी चालवली, हे दाखवून वापरकर्ता हादेखील तंत्रज्ञानातील बदलाचा कर्ता असतो असे प्रतिपादन केले. कॅथलीन फ्रांझ यांच्या २००५ मधील ग्रंथात आरंभीच्या मोटारमालकांच्या खटपटींचा मागोवा आहे. कारिन बिस्टरफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोटारीत बसून ऐकण्याच्या सवयीचा इतिहास लिहिला. तथापि या दोन प्रवाहांच्या संगमावर असलेला एक विषय अद्याप पुरेसा हाताळला गेलेला नाही. तो विषय म्हणजे जुन्या, बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या स्टेशन वॅगनमध्ये त्या मालकाने आपल्या गरजेनुसार घडवून घेतलेली ध्वनियंत्रणा होय.

वरकरणी हा विषय हौशी मंडळींचा वाटतो. परंतु विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा हक्क कोठपर्यंत चालतो आणि त्या यंत्राचे ज्ञान कोणाकडे असते, हे दोन गंभीर प्रश्न त्यात दडलेले आहेत.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. स्टेशन वॅगन आणि मोटारीतील ध्वनियंत्रणा यांच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. मालकाने स्वतः ध्वनियंत्रणा घडवण्यास कोणती तांत्रिक व बौद्धिक परिस्थिती कारणीभूत ठरली, हे तपासणे.
३. या प्रथेचे सामाजिक व कायदेशीर परिणाम आणि तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या मर्यादा स्पष्ट करणे.

विवेचनाचे मुख्य क्षेत्र अमेरिका हे आहे, कारण स्टेशन वॅगन आणि मोटार रेडिओ यांचा प्रसार सर्वप्रथम तेथे मोठ्या प्रमाणावर झाला. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, संबंधित घडामोडींचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे. 'घडवून घेतलेली ध्वनियंत्रणा' या संज्ञेने कारखान्यातून आलेल्या यंत्रणेऐवजी किंवा तिच्या जोडीला मालकाने निवडलेले, जुळवलेले आणि त्या विशिष्ट मोटारीच्या मापाने बसवलेले रेडिओ, अॅम्प्लिफायर व स्पीकर अभिप्रेत आहेत.

स्टेशन वॅगन : कुटुंबाचे वाहन ते अडगळ

नावाप्रमाणेच स्टेशन वॅगनचा उगम रेल्वे स्थानकाशी निगडित आहे. स्थानकावर उतरलेले प्रवासी व त्यांचे सामान हॉटेलपर्यंत नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी डबा चढवला जाई. हे काम सुरुवातीस स्थानिक सुतार व बग्गी बांधणारे कारागीर करीत. १९२३ मध्ये 'स्टार' या अमेरिकन कंपनीने आणि १९२९ मध्ये फोर्डने अशी वाहने आपल्या नेहमीच्या विक्रीत आणली. १९४६ ची विलिस जीप स्टेशन वॅगन व १९४९ ची प्लिमथ सबर्बन या संपूर्ण पोलादी बांधणीच्या वाहनांनी लाकडाचे युग संपवले. लाकूड पुढे केवळ बाजूंवर चिकटवलेल्या नक्षीच्या रूपाने उरले. फोर्डची 'कंट्री स्क्वायर' या रूपातच १९९१ पर्यंत विकली जात होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांचा विस्तार झाला आणि १९५६ च्या महामार्ग कायद्याने दूरच्या प्रवासाला चालना मिळाली. मुले, कुत्रा, तंबू आणि आठवड्याचा बाजार एकाच वेळी नेणारी वॅगन मध्यमवर्गीय कुटुंबाची खूण बनली. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र तिचा आकार हाच तिचा दोष ठरू लागला. १९७५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने मोटारींच्या सरासरी इंधन-कार्यक्षमतेवर बंधने घातली. क्रायस्लरने १९८४ च्या मॉडेलवर्षासाठी आणलेल्या मिनीव्हॅनने आणि पाठोपाठ आलेल्या एसयूव्ही वाहनांनी कुटुंबाची गरज अन्य मार्गाने भागवली. 'शेव्हर्ले कॅप्रिस' व 'ब्युइक रोडमास्टर' या शेवटच्या मोठ्या अमेरिकन वॅगन १९९६ मध्ये बंद झाल्या. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीची १९७४ पासून चाललेली २४० ही मालिकाही १९९३ मध्ये संपली होती.

या घसरणीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. आईवडिलांनी टाकून दिलेली, प्रतिष्ठा गमावलेली, पण यांत्रिकदृष्ट्या धडधाकट असलेली वॅगन अल्प किमतीत तरुणांच्या हाती पडू लागली. तिच्यात भरपूर जागा होती, विद्युतजोडणी साधी होती आणि तिला भोके पाडताना कोणाचेही मन कचरत नव्हते.

रेडिओपासून कॅसेटपर्यंत : बंदिस्त व खुली मानके

मोटारीत रेडिओ बसवण्याचे काम आरंभापासूनच खटपटीचे होते. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटार रेडिओ विक्रीस आणला. त्याची किंमत ११० ते १३० डॉलरच्या दरम्यान होती, आणि ज्या मोटारीत तो बसवायचा तिची किंमत अनेकदा ५०० डॉलरच्या आसपास असे. रेडिओला स्वतंत्र बॅटऱ्या लागत, छताच्या अस्तराखाली एरियल पसरावी लागे आणि इंजिनाच्या ठिणग्यांमुळे होणारी खरखर दाबण्यासाठी खास उपाय करावे लागत. कारखान्याने हे काम अद्याप अंगावर घेतलेले नव्हते. ते गॅरेजमधील मेकॅनिकचे व मालकाचे काम होते. जर्मनीत १९३२ मध्ये ब्लाउपुंक्ट कंपनीने युरोपातील पहिल्या मोटार रेडिओंपैकी एक बाजारात आणला.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन मोटारींनी ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची बॅटरी स्वीकारली. १९५५ मध्ये क्रायस्लर व फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ जाहीर केला. १२ व्होल्टचा हा निर्णय त्या वेळी मुख्यतः इंजिन चालू करण्याच्या सोयीसाठी घेतला गेला होता. परंतु त्यामुळे जवळपास सर्व मोटारींत एकच विद्युतदाब आला आणि कोणत्याही कंपनीचे उपकरण कोणत्याही कंपनीच्या मोटारीत चालणे शक्य झाले.

मानकांचे हे महत्त्व दोन उदाहरणांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होते. क्रायस्लरने १९५६ च्या मोटारींत 'हायवे हाय-फाय' नावाची तबकडी वाजवणारी यंत्रणा दिली. सीबीएस प्रयोगशाळेचे पीटर गोल्डमार्क यांनी ती विकसित केली होती. तिच्या तबकड्या मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या गतीने फिरत आणि त्या केवळ कोलंबिया कंपनीच मर्यादित संख्येने काढत असे. घरातील नेहमीच्या तबकड्या मोटारीत चालत नसत. काही वर्षांतच ही यंत्रणा बंद पडली. याउलट फिलिप्सने १९६३ मध्ये सादर केलेली कॅसेट अन्य उत्पादकांना विनामूल्य परवान्याने उपलब्ध करून दिली गेली. मधल्या काळात अर्ल मन्ट्झ यांची चार मार्गिकांची फीत आणि फोर्डने १९६६ च्या मॉडेलवर्षापासून दिलेली विल्यम लिअर यांची आठ मार्गिकांची फीत लोकप्रिय झाली होती. तरीही अखेरीस जगभर टिकली ती कॅसेट. घरी हवी ती गाणी भरून घ्यावीत आणि मोटारीत ऐकावीत, ही मुभा तिने सर्वसामान्य माणसाला दिली. प्रवासात काय ऐकायचे याचा निर्णय रेडिओ केंद्राकडून मालकाकडे आला, हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय.

यानंतरचे पाऊल डॅशबोर्डच्या खाचेचे होते. जर्मन मानकावरून घेतलेले १८० × ५० मिलिमीटरचे माप १९८४ मध्ये आयएसओ ७७३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. सर्व उत्पादकांनी ते जसेच्या तसे पाळले असे नाही. जनरल मोटर्सच्या अनेक मोटारींत दीडपट उंचीची खाच असे. पण जोडपट्ट्या व चौकटी विकणारा एक पूरक व्यवसायच त्यातून उभा राहिला आणि पंधरा वर्षांच्या जुन्या वॅगनमध्ये नवा कॅसेट किंवा सीडी प्लेअर बसवणे सुलभ झाले.

ध्वनिशास्त्राचे ज्ञान सामान्यांच्या हाती

उपकरणे सुटी मिळू लागली तरी ती एकत्र जुळवण्याचे शास्त्र ठाऊक असल्याखेरीज चांगला आवाज मिळत नाही. स्पीकर कोणत्या आकारमानाच्या पेटीत बसवावा, हे ठरवणे विशेषतः अवघड होते. एडगर विल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ या स्पीकरद्वारे हवाबंद लहान पेटीतूनही खोल खर्ज मिळवता येतो हे सिद्ध केले होते. परंतु दिलेल्या स्पीकरसाठी पेटीचे गणित आधीच मांडण्याची सर्वमान्य रीत नव्हती. बहुसंख्य कारागीर अनुभव व अंदाज यांवरच चालत.

ही कोंडी ऑस्ट्रेलियात फुटली. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये छिद्र असलेल्या पेट्यांवरील आपला निबंध तेथील अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो पुनर्मुद्रित झाला. त्याच सुमारास सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी हा विचार निबंधमालिकेतून विस्तारला. स्पीकरची अनुनाद-वारंवारता, त्याच्या लवचिकतेला समतुल्य असे हवेचे आकारमान आणि त्याचे अवमंदन अशा मोजक्या राशी ठाऊक असल्या, की पेटीचे वर्तन कागदावर काढता येते, हे त्यांच्या कार्याचे सार होय. आज या राशी 'थील-स्मॉल' या जोडनावाने ओळखल्या जातात.

या शोधाचे सामाजिक मूल्य त्याच्या प्रसिद्धीत आहे. ज्ञान व्यावसायिक गुपित म्हणून राखले न जाता विद्वत्पत्रिकेत छापले गेले. उत्पादक स्पीकरच्या खोक्यावर या राशी छापू लागले. व्हान्स डिकासन यांच्या १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक ग्रंथासारख्या पुस्तकांनी ते गणित हौशी वाचकांपर्यंत नेले आणि वैयक्तिक संगणक आल्यावर तेच गणित लहान प्रणालींमध्ये बसवले गेले. ज्ञान प्रयोगशाळेतून सुतारकामाच्या टेबलापर्यंत येण्याचे हे एक लक्षणीय उदाहरण मानावे लागेल.

बसवणुकीचे शास्त्र : वॅगनची अनुकूलता व अडचणी

जुन्या वॅगनमध्ये अशी यंत्रणा बसवताना ज्या समस्या येतात त्या वाहनाच्या रचनेतूनच उद्भवतात. त्यांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब आवाजाच्या अवकाशाची. सेडान मोटारीत डिकी आणि बैठकीची जागा यांच्यामध्ये मागची सीट व अनेकदा पत्र्याचा पडदा असतो. डिकीत ठेवलेल्या सबवूफरचा खर्ज त्यातून गाळून पुढे येतो. वॅगनमध्ये सामानाची जागा व बैठकीची जागा हवेच्या दृष्टीने एकच असते, त्यामुळे खर्जाच्या मार्गात अडथळा नसतो. शिवाय बंद मोटारीत एका मर्यादेखालच्या वारंवारतेला ध्वनिदाब आपोआप वाढू लागतो. ही मर्यादा साधारणतः मोटारीच्या आतील लांबीच्या दुप्पट तरंगलांबीशी निगडित असते. आतील लांबी ३ मीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास ती सुमारे ५७ हर्ट्झ येते. त्याखाली दर सप्तकाला सिद्धांततः १२ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. प्रत्यक्षात दारांच्या फटींमुळे व पत्र्याच्या कंपनामुळे ती कमी पडते. हवाबंद पेटीचा आवाज नेमका याच प्रमाणात उतरत असल्याने दोन्ही परिणाम एकमेकांना भरून काढतात. लहान मोटारीत ही वाढ अधिक वरच्या वारंवारतेपासून सुरू होते, तेव्हा वॅगनचा मोठा आकार याबाबतीत सर्वस्वी लाभदायक नसतो, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरी बाब जागेची. सामानाची जागा गमावणे हे वॅगनचे प्रयोजनच गमावणे होय. म्हणून कुशल कारागीर पेटी उघड्यावर न ठेवता मागच्या चाकांच्या कमानींलगतच्या पोकळ्यांत किंवा फरशीखाली, तिचा आकार त्या जागेबरहुकूम ठेवून बांधतात. प्लायवूड किंवा एमडीएफचे तक्ते कापणे, सांधे हवाबंद करणे व वरून मूळ गालिच्याशी मिळतेजुळते कापड चढवणे हे काम सुताराचे व शिवणकाम करणाऱ्याचे आहे. एकेकाळी वॅगनचा डबा सुतारांनीच बांधला होता, याची येथे आठवण होते.

तिसरी बाब विजेची. १२ व्होल्टच्या व्यवस्थेतून, इंजिन चालू असताना फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला साध्या रेडिओमधून सिद्धांततः सुमारे ६.५ वॅट, तर दोन्ही टोकांनी चालवणाऱ्या जोडणीतून सुमारे २६ वॅट शक्ती मिळू शकते. त्यापलीकडे जायचे तर दाब वाढवणारे परिवर्तक अॅम्प्लिफायरमध्येच असावे लागते. अशा स्वतंत्र मोटार-अॅम्प्लिफायरच्या आरंभीच्या निर्मात्यांमध्ये १९७०च्या दशकात अॅरिझोनातील जिम फॉसगेट यांचा समावेश होतो. मात्र शक्ती शून्यातून येत नाही. ५०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर ६० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण भाराला तो बॅटरीकडून सुमारे ६० अँपिअर ओढतो. १९७०च्या दशकातील अनेक मोटारींचा आल्टरनेटर सर्व कामांसाठी मिळून जवळपास तेवढाच प्रवाह देऊ शके. म्हणून जाड वायर, बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घेतलेले पक्के अर्थिंग हे नियम कारागीर कटाक्षाने पाळतात. फ्यूज विसरल्यास वायर घासून मोटार पेटू शकते. अर्थिंग सदोष राहिल्यास इंजिनाच्या गतीबरोबर चढउतार होणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते.

चौथी बाब मोटारीच्या वयाची. जुन्या पत्र्याची सैल झालेली जोडणी, सुकलेली रबरी पट्टी, बाजूंच्या प्रचंड काचा आणि प्लॅस्टिकची खडखडणारी आच्छादने ही सर्व खर्जाबरोबर थरथरू लागतात. म्हणून स्पीकर बसवण्यापूर्वी दारे उघडून पत्र्याला कंपन शोषणारे डांबरी वा रबरी थर लावणे, गंज काढणे व जुनी वायर तपासणे ही कामे करावी लागतात. ध्वनियंत्रणेच्या निमित्ताने होणारी ही वाहनाची संपूर्ण तपासणी होय. अनेक जुन्या वॅगन भंगारात न जाता रस्त्यावर टिकून राहण्यास हा छंद साहाय्यभूत ठरला असे म्हणता येते.

आवाजाचा सामाजिक प्रश्न

या स्वातंत्र्याची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. मोटारीतील आवाज मोटारीतच राहत नाही. १९८०च्या दशकात फ्लोरिडात 'मायामी बास' ही खर्जप्रधान संगीतशैली उदयाला आली आणि मोटारीतील मोठ्या स्पीकरांशी तिचे नाते जडले. लॉस एंजलीसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत सजवलेल्या ठेंगण्या मोटारींतून संथ फेरफटका मारण्याची परंपरा होती व संगीत हा तिचा अविभाज्य भाग होता. या समूहांच्या दृष्टीने आवाज ही आपल्या अस्तित्वाची ग्वाही होती. शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो उपद्रव होता, आणि पोलिसांच्या हाती त्यामुळे एक साधन आले.

फ्लोरिडातील कायद्याने २५ फुटांवरून स्पष्ट ऐकू येणारा मोटारीतील आवाज दंडनीय ठरवला होता. व्यावसायिक व राजकीय प्रचाराच्या वाहनांना मात्र त्यातून सूट होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये 'राज्य विरुद्ध कॅटालानो' या खटल्यात ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. आवाजाची पातळी न पाहता तो कशासाठी आहे हे पाहणे न्यायालयाला मान्य झाले नाही. तथापि न्यायालयीन विजयाने शारीरिक अपाय टळत नाही. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित मानला जातो आणि दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला तो केवळ १५ मिनिटे उरतो. मोठ्या यंत्रणा ही पातळी सहज ओलांडतात.

या संदर्भात महाराष्ट्रातील अनुभव बोलका आहे. राज्यातील मिरवणुकांत वाहनांवर रचलेल्या प्रचंड ध्वनियंत्रणेला 'डॉल्बी' असे म्हटले जाते. वास्तविक रे डॉल्बी यांची कीर्ती फितीवरील अनावश्यक खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे झाली. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव गोंगाटाला मिळावे, यातून तंत्रज्ञान समाजात रुजताना त्याचा अर्थ किती पालटतो हे दिसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर या प्रश्नाला भारतात कायदेशीर चौकट लाभली.

भारतीय वॅगन व तिचे अल्पायुष्य

भारतात वॅगनला अमेरिकेसारखे स्थान कधीच मिळाले नाही. टेल्को कंपनीने १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' ही मोटार आणली आणि २००४ मध्ये टाटा समूहाची 'इंडिगो मरिना' आली. दोन्ही कालांतराने बंद झाल्या. परंतु सुटे भाग जुळवून ध्वनियंत्रणा उभारण्याचे कौशल्य येथे अपरिचित नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांनी इलेक्ट्रॉनिक भागांचा पुरवठा केला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसाराने संगीतव्यवसायातील मक्तेदारी कशी ढिली झाली हे दाखवले आहे. खुल्या मानकामुळे ऐकणाऱ्याच्या हाती निवड येते, हा निष्कर्ष दोन्ही देशांना लागू पडतो.

मिटत गेलेली दारे

कारखान्याने श्रोत्याची गरज ओळखली नव्हती असे नाही. जनरल मोटर्सचा डेल्को विभाग व बोस कंपनी यांनी १९८३ च्या मॉडेलवर्षासाठी विशिष्ट मोटारीच्या आतील भागाला अनुसरून रचलेली ध्वनियंत्रणा सादर केली. प्रत्येक मोटारीसाठी वेगळी रचना ही कल्पना हौशी कारागिराची होती. ती आता कारखान्याने स्वीकारली. आवाज सुधारला, पण रेडिओ, अॅम्प्लिफायर व स्पीकर एकमेकांशी असे जखडले गेले की त्यांपैकी एखादाच भाग बदलणे कठीण झाले.

पुढे हवामान नियंत्रण, मागच्या कॅमेऱ्याचे चित्र, इशाऱ्याचे आवाज आणि वाहनाच्या अनेक सेटिंग एकाच पडद्यात सामावल्या गेल्या. १८० × ५० मिलिमीटरची खाच डॅशबोर्डवरून हळूहळू नाहीशी झाली. कायद्यानेही यात भर घातली. १९९८ च्या अमेरिकन डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडण्यास मनाई केली. २०१५ मध्ये मोटारमालकांना दुरुस्ती व बदल यांसाठी वाहनातील सॉफ्टवेअर हाताळण्याची सवलत देण्यात आली, पण त्यातून दूरसंवाद व मनोरंजन यंत्रणांचे सॉफ्टवेअर स्पष्टपणे वगळण्यात आले. २०१८ च्या पुनर्विचारात ही अट सैल झाली. इंजिनाच्या नियंत्रणापेक्षा रेडिओवर अधिक कडक पहारा ठेवला जावा, ही बाब विचारप्रवृत्त करणारी आहे. त्यामागे गाण्यांच्या व चित्रांच्या प्रताधिकाराची चिंता होती.

या पार्श्वभूमीवर जुन्या वॅगनचे महत्त्व वेगळ्या रीतीने लक्षात येते. तिच्या डॅशबोर्डमधून रेडिओ काढला तरी मोटार पूर्ववत चालते. तिच्या वायरी डोळ्यांना दिसतात व मीटरने तपासता येतात. तिच्यात बदल करण्यासाठी कोणाच्या परवानगीची वा सांकेतिक क्रमांकाची आवश्यकता नसते.

निष्कर्ष

१. मालकाने घडवलेल्या ध्वनियंत्रणेचा उदय केवळ हौसेतून झालेला नाही. समान विद्युतदाब, ठरावीक मापाची खाच, विनामूल्य परवान्याची कॅसेट आणि विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झालेले स्पीकरचे गणित या चार खुल्या गोष्टींवर तो उभा आहे.
२. स्टेशन वॅगनची सामाजिक घसरण हीच तिच्या तांत्रिक पुनर्वापराची संधी ठरली. स्वस्त, प्रशस्त व साध्या रचनेचे वाहन सामान्य माणसाला प्रयोगासाठी उपलब्ध झाले.
३. या प्रथेत सुतार, विजेचे काम जाणणारा, मेकॅनिक आणि श्रोता या भूमिका एकाच व्यक्तीत किंवा एकाच गॅरेजात एकत्र येतात. उत्पादक व ग्राहक अशी काटेकोर विभागणी येथे अपुरी पडते.
४. तांत्रिक स्वातंत्र्यास इतरांच्या शांततेची मर्यादा असणे रास्त आहे. मात्र ती मर्यादा आवाजाच्या पातळीवर आधारित असावी, आवाज कोणाचा आहे यावर नसावी.
५. एकविसाव्या शतकात ही प्रथा आक्रसली ती लोकांची आवड ओसरल्यामुळे नव्हे, तर यंत्रणा एकमेकींत गुंतवल्या गेल्यामुळे व सॉफ्टवेअरला कुलपे लागल्यामुळे.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुधा शेतीची यंत्रे, दूरध्वनी आणि वैद्यकीय उपकरणे यांच्या संदर्भात होते, आणि ती गरजेच्या भाषेत केली जाते. जुन्या वॅगनमधील स्पीकर ही कोणाची निकड नसते. परंतु आपल्या मालकीचे यंत्र उघडून पाहण्याची, समजून घेण्याची व आपल्या कानाला रुचेल असे बदलण्याची सवय समाजात अशाच बिनगरजेच्या कामांतून रुजते. ती सवय मोडली, तर निकडीच्या वेळी ते कौशल्य कोठून आणायचे, हा प्रश्न तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही विचारात घेणे अगत्याचे आहे.